नाशिकच्या खासगी एफएम केंद्राचा इतिहास कसा जमवावा: आधी आवाज, मग कागद

खासगी रेडिओ केंद्राचा इतिहास लिहायला घेतला की बहुतेक जण सरकारी कागद आणि वर्तमानपत्रांची कात्रणं यांपासून सुरुवात करतात आणि ध्वनिमुद्रणं ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवतात. हा क्रम उलटा करा. परवानगीचे कागद दिल्लीत आहेत, कंपनीचे अहवाल कंपनी निबंधकाकडे आहेत, बातम्या वाचनालयात आहेत. ते पाच वर्षांनीही मिळतील. केंद्रावरून गेलेला आवाज मात्र तसा कुठे थांबून राहत नाही. सरकारशी झालेल्या परवानगी करारानुसार केंद्राने प्रसारित मजकुराचं मुद्रण तीन महिने जपायचं असतं, त्यापुढे बंधन नाही. स्टुडिओत प्रसारण आपोआप मुद्रित करणाऱ्या ‘लॉगर’ संगणकाची डिस्क भरली की जुन्यावर नवं लिहिलं जातं. म्हणून दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या एखाद्या सकाळचा आवाज आज मिळालाच, तर तो केंद्राच्या बाहेर, कुणाच्या तरी घरात मिळेल.

आवाज कुठे शोधायचा

सगळ्यात आधी जुन्या आरजेंना, म्हणजे रेडिओवरच्या निवेदकांना, गाठा. दुसरीकडे नोकरीसाठी अर्ज करताना प्रत्येकाला स्वतःच्या बोलण्याचा नमुना द्यावा लागतो, त्यामुळे चांगल्या ‘लिंक’ (दोन गाण्यांमधलं बोलणं) तोडून जोडलेली सीडी किंवा फाइल त्यांच्याकडे असते. पेनड्राइव्ह हरवलेला असला तरी जुन्या ईमेलच्या ‘सेंट’मध्ये ती फाइल जोडलेली सापडते. मग जाहिरातींकडे वळा. मेन रोड, कॉलेज रोड, शालिमार भागातल्या जुन्या दुकानदारांनी, बिल्डरांनी, क्लासचालकांनी आपल्या जिंगलची प्रत एजन्सीकडून घेतलेली असते. ती त्यांच्या हिशेबाच्या फायलींत पडून असते. ज्यांनी आवाज दिला आणि ज्यांच्या स्टुडिओत जिंगल झाली, त्यांच्याकडेही विचारा. शेवटी श्रोते. स्पर्धेत बक्षीस मिळालं, वाढदिवसाला नाव घेतलं गेलं, मुलाने फोनवर गाणं म्हटलं, अशा वेळी घरच्यांनी मोबाइलवर किंवा टेपवर मुद्रण केलेलं असतं. ‘जुनं रेडिओचं काही आहे का’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. ‘तुमचं नाव कधी रेडिओवर आलं होतं का’ असं विचारलं की कपाट उघडतं.

आरजेच्या नमुन्यातून गाणी, जाहिराती, अडखळणं हे सगळं काढून टाकलेलं असतं, हे ध्यानात ठेवा. त्यातून माणसाचं कौशल्य कळतं, केंद्र कसं वाजत होतं ते कळत नाही. सलग एका तासाचं मुद्रण, तेही जाहिराती, वेळ सांगणं, स्वीपर (केंद्राचं नाव सांगणारे छोटे तुकडे), वाहतुकीची माहिती यांसकट, असल्या वीस नमुन्यांहून मोलाचं. असा तास हाती लागला तर त्याचा मिनिट-मिनिटाचा तक्ता करा: कोणतं गाणं, किती सेकंद बोलणं, किती स्पॉट (जाहिराती), कुणाचे. मराठी आणि हिंदीचं प्रमाण, बोलण्यात येणारी पंचवटी, सिडको, नाशिकरोड ही नावं, स्थानिक आणि देशभरच्या जाहिरातींचा वाटा, हे सगळं त्या एका तक्त्यातून पुराव्यानिशी मांडता येतं.

मुद्रण उतरवून घेताना

कॅसेट मिळाली तर लगेच वाजवू नका. आतली फेल्टची गादी निखळली आहे का ते पाहा. निखळली असेल तर फीत स्क्रूच्या नव्या कवचात घाला. एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे करून घ्या, म्हणजे वेटोळ्यांचा ताण सारखा होतो. यंत्रातलं फीत वाचणारं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. वाजायला लागल्यावर आवाज बोथट वाटला तर दोष बहुतेक वेळा हेडच्या कोनात असतो. हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी थोडाथोडा फिरवत, मोनोमध्ये ऐकत, ‘स’ आणि ‘श’ सगळ्यात स्वच्छ जिथे ऐकू येतात तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटला हे वेगळं करावं लागतं, कारण ती ज्या यंत्रावर भरली त्याचा कोन वेगळा होता.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ डब्ल्यूएव्ही अशी सेटिंग ठेवा. तासाला साधारण १ जीबी जागा लागते. पातळी सर्वांत मोठ्या आवाजाला उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. मूळ फाइलवर खरखर काढायचा फिल्टर कधीही चालवू नका. तो चालवायचा तर प्रतीवर. फिल्टरने खरखरीबरोबर स्टुडिओतलं घुमणं, मागचा फोन, पंखा हेही जातं आणि कधीकधी तोच पुरावा असतो.

सीडी वाचली जात नसेल तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये, कमी वेगाने प्रयत्न करा. फोनवरची एएमआर किंवा ३जीपी फाइल आहे तशीच जपा, डब्ल्यूएव्ही प्रत वेगळी करा. आणि व्हॉट्सॲपवर मागवायची वेळ आली तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. व्हिडिओ साध्या पद्धतीने पाठवला तर तो दाबला जातो, फाइलचं मूळ नाव आणि तारीखही पुसली जाते. शक्य असेल तर स्वतः जाऊन मेमरी कार्डच कॉपी करा.

नाव देताना वर्ष, महिना, दिवस, वेळ, फ्रिक्वेन्सी हा क्रम ठेवा म्हणजे फाइली आपोआप काळानुसार लागतात. तारीख माहीत नसेल तर अंदाज नावात घालू नका. शून्यं घाला आणि अंदाज वेगळ्या तक्त्यात कारणासकट लिहा. नावात शिरलेला अंदाज वर्षभरात वस्तुस्थिती होऊन बसतो. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा ओळख-आकडा) काढून ठेवा, तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरी.

तारीख कशी काढायची

बहुतेक मुद्रणांवर तारीख नसते. आधी हे हवेतून पकडलेलं आहे की स्टुडिओतून आलेलं, ते ठरवा. ऑडॅसिटीसारख्या प्रोग्रॅममध्ये स्पेक्ट्रोग्राम (आवाजात कोणत्या फ्रिक्वेन्सी आहेत ते दाखवणारं चित्र) उघडा. एफएममध्ये आवाज १५ किलोहर्ट्झपर्यंतच जातो आणि स्टिरिओ प्रसारणात १९ किलोहर्ट्झवर स्टिरिओची खूण असलेला पायलट सूर असतो. चांगल्या रिसिव्हरवरून थेट संगणकात भरलेल्या मुद्रणात वरची बाजू १५ वर सपाट कापलेली दिसते आणि कधीकधी १९ वर एक बारीक सरळ रेघ राहिलेली असते. रेघ दिसली तर ते हवेतलंच. न दिसली तर मात्र काही सिद्ध होत नाही, कारण कॅसेट, एमपी३ आणि फोन हे तिघंही ती खाऊन टाकतात. १२८ केबीपीएसची एमपी३ साधारण १६ च्या पुढे काही ठेवत नाही, त्यामुळे तिचा काप एफएमच्या कापासारखा भासतो. इथे फसायला होतं.

मग आतला मजकूर. चित्रपटाचा प्रोमो सगळ्यात उपयोगी, कारण तो प्रदर्शनाच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांतच वाजतो. नुसतं गाणं वाजलं तर एवढंच कळतं की मुद्रण त्या गाण्याच्या आधीचं नाही. जाहिरातीत ‘जीएसटीसह’ आलं की ते १ जुलै २०१७ च्या नंतरचं, किंवा फार तर आधीच्या काही दिवसांतलं. जुन्या नोटांचा उल्लेख ८ नोव्हेंबर २०१६ च्या पुढचा. क्रिकेट विश्वचषक जिंकल्याचा जल्लोष पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांचा असेल तर २ एप्रिल २०११ ची रात्र आणि पुढचे दिवस.

तारीख बांधायला नाशिकचे स्वतःचे खुंटे याहून पक्के आहेत. सिंहस्थाचं ध्वजारोहण १४ जुलै २०१५ ला झालं, पहिलं शाही स्नान २९ ऑगस्टला. त्या दिवसांत वाहनतळ, बंद रस्ते, भाविकांसाठी सूचना यांनी रेडिओ भरलेला असणार. गोदावरीचे मोठे पूर १९ सप्टेंबर २००८, २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९ चे. पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला, छातीला की गळ्याला, असं बोलणं ऐकू आलं तर ती पातळी वर्तमानपत्रातल्या बातमीशी ताडून पाहा, तास कळण्याइतकं नेमकं उत्तर मिळू शकतं. एका खुंट्यावर तारीख ठरवू नका. दोन वेगवेगळ्या जातीचे खुंटे जुळले की मगच पक्की म्हणा.

माणसांशी बोलताना

फक्त आरजेंच्या मुलाखती घेतल्या की इतिहास माइकपुढचाच राहतो. ट्रान्समीटरचा इंजिनिअर, गाण्यांचा क्रम लावणारा, जाहिराती कुठे पडायच्या ते ठरवणारा ‘ट्रॅफिक’वाला, दारोदार स्पॉट विकणारे, रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, यांच्याकडे केंद्राचं खरं यंत्र असतं. ‘त्या काळाबद्दल सांगा’ असं विचारलं तर ‘खूप मजा यायची’ एवढंच हाती लागतं. त्याऐवजी विचारा: सकाळी सातचा शो असेल तर घरून किती वाजता निघायचात? गेट कोण उघडायचं? लॉग (काय कधी वाजवायचं याची यादी) कागदावर होता की पडद्यावर? ब्रेक किती मिनिटांचा? वीज गेली की जनरेटर लागेपर्यंत काय वाजायचं? गाण्यांची यादी इथे व्हायची की मुंबईहून यायची? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वर्षागणिक बदलतं. ते बदल कधी झाले हे कळलं, तर केंद्र किती नाशिकचं होतं याचं मोजमाप मिळतं.

एक प्रश्न प्रत्येकाला विचाराच. सरकारच्या २००५ च्या एफएम धोरणात खासगी केंद्रांना बातम्या आणि चालू घडामोडी पूर्ण वर्ज्य होत्या. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवायला आणि वाहतूक, हवामान, पाणीपुरवठा, वीज, नैसर्गिक आपत्ती यांविषयी स्थानिक प्रशासनाने दिलेली माहिती सांगायला मोकळीक दिली. केंद्र २००८ च्या पुरात सुरू असेल, तर त्या दिवशी आरजे पाण्याबद्दल काय आणि कसं बोलला? कुणाला विचारून बोलला? याच उत्तरात कायदा आणि शहर समोरासमोर येतात. तिथे घाई करू नका, दोन-तीन माणसांकडून वेगवेगळं ऐका.

मुलाखतीआधी संमतीपत्रावर सही घ्या आणि त्यात तीन पर्याय द्या: नावासह खुलं, नावाशिवाय खुलं, ठरावीक वर्षापर्यंत बंद. जाहिरातविक्रीतली माणसं दुसरा पर्याय निवडतात आणि तेव्हाच आकड्यांबद्दल बोलतात. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा तिरका ठेवा. पंखा बंद, फोन विमान मोडवर. सुरुवातीला अर्धा मिनिट खोलीची शांतता मुद्रित करा, जोडकाम करताना ती लागते.

कागद: ब्रँड नाही, कंपनी शोधा

इथे बरेच जण अडतात, कारण सरकारी नोंदीत केंद्राचं लोकांच्या तोंडी असलेलं नाव नसतं. मिरचीसाठी एंटरटेन्मेंट नेटवर्क (इंडिया) लिमिटेड, रेडिओ सिटीसाठी म्युझिक ब्रॉडकास्ट लिमिटेड असं शोधावं लागतं. नावंही बदलतात. देशातल्या बऱ्याच शहरांत ९३.५ वर आधी ‘एस एफएम’ म्हणायचे, तेच पुढे ‘रेड एफएम’ झालं. नाव बदललं म्हणजे केंद्र नवं आलं असं लिहू नका. आकाशवाणी नाशिक १०१.४ वर आणि रेडिओ विश्वास ९०.८ वर आहे. पहिलं सरकारी, दुसरं सामुदायिक. दोन्हींचे कायदे वेगळे, म्हणून खासगी केंद्रांच्या तक्त्यात त्यांना घुसवू नका.

धोरणांचा सांगाडा आधी मांडून घ्या. १९९३ पासून आकाशवाणीने काही मोठ्या शहरांत एफएमचा वेळ खासगी निर्मात्यांना विकला. प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल फेब्रुवारी १९९५ चा. सरकारने खासगी एफएमला टप्प्याटप्प्याने परवानग्या दिल्या; पहिल्या टप्प्यातलं पहिलं खासगी केंद्र ३ जुलै २००१ ला बंगळुरूत सुरू झालं. त्या टप्प्यात ठरलेलं शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत होतं आणि त्याखाली कंपन्या पिचल्या. १३ जुलै २००५ च्या दुसऱ्या टप्प्याने एकदाच भरायचं प्रवेशशुल्क आणि उत्पन्नाच्या ४ टक्के वार्षिक शुल्क आणलं, परवानगी १० वर्षांची. मध्यम शहरांत खासगी एफएम पोचला तो या बदलामुळे. तिसऱ्या टप्प्याचं धोरण २५ जुलै २०११ चं, पण ई-लिलाव २०१५ मध्ये झाला आणि मुदत १५ वर्षांची झाली. म्युझिक ब्रॉडकास्टला नाशिक मिळालं ते याच लिलावात. दुसऱ्या टप्प्यातली जी केंद्रं तिसऱ्यात गेली त्यांची नवी मुदत १ एप्रिल २०१५ पासून मोजली गेली. म्हणून एकाच शहरातल्या दोन केंद्रांच्या परवानगीची तारीख सारखी दिसली तरी ती एकदम सुरू झाली असं समजू नका.

‘केंद्र कधी सुरू झालं’ याची निदान चार उत्तरं असतात: इरादापत्राची तारीख, करारावर सह्या झाल्याची, चाचणी प्रसारणाची आणि रीतसर सुरुवातीची. वर्तमानपत्रं शेवटची देतात, सरकार कार्यान्वित झाल्याची देतं, श्रोत्यांना चाचणीतली सलग गाणी आठवतात. तिघंही खरं बोलत असतात. चारही तारखा वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.

सगळ्यात भरलेला आणि कमी वापरला जाणारा कागद म्हणजे शेअरबाजारात उतरताना कंपनीने काढलेला प्रॉस्पेक्टस. एंटरटेन्मेंट नेटवर्कचा २००६ चा आणि म्युझिक ब्रॉडकास्टचा २०१७ चा. ‘सरकारी मंजुऱ्या’ या प्रकरणात शहरवार परवानग्या, परवाने, तारखा असतात, आणि ‘खटले’ या प्रकरणात केंद्रावर आलेल्या नोटिसाही. त्यानंतर वार्षिक अहवाल, ट्राय या दूरसंचार नियामकाच्या तिमाही अहवालांतल्या केंद्रांच्या याद्या.

उरलेलं माहिती अधिकारात मागा. माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे ऑनलाइन अर्ज, १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘केंद्राचा इतिहास द्यावा’ असं लिहिलं तर अर्ज परत येईल. ‘अमुक कंपनीच्या नाशिक शहरासाठीच्या परवानगी कराराची दिनांकित प्रत व केंद्र कार्यान्वित झाल्याचा दिनांक’ असं मागा. व्यापारी गुपिताचं कलम ८(१)(घ) दाखवून नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील करा आणि फक्त तारखा मागा. तारीख हे व्यापारी गुपित नव्हे. महापालिकेच्या नगररचना विभागाकडे मनोऱ्याच्या परवानगीबद्दल विचारताना महाराष्ट्राचे नियम लागतात: एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. खासगी केंद्राला स्वतःला हा कायदा लागू नाही, तिथे विनंतीपत्रच.

कात्रणांसाठी १८४० पासूनच्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा. ‘गावकरी’, ‘देशदूत’ आणि मोठ्या दैनिकांच्या नाशिक आवृत्त्या चाळताना बातमीपेक्षा जाहिरातीच्या पानांवर जास्त वेळ द्या. केंद्राच्या सुरुवातीची पानभर जाहिरात, त्यावरची फ्रिक्वेन्सी आणि घोषवाक्य बातमीपेक्षा नेमकं असतं. पान, आवृत्ती, तारीख हे तिन्ही फोटोत येऊ द्या.

पैशाचा कागद लवकर जातो. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपायची असतात. त्यानंतर जाहिरातीच्या ऑर्डरी आणि स्पॉट वाजल्याची प्रमाणपत्रं रद्दीत निघतात. एजन्सीकडे जुनी फाइल आहे असं कळलं तर त्याच आठवड्यात जा. पितृपक्षातला एक आठवडा आणि दसरा-दिवाळीचा एक आठवडा शेजारी ठेवले तरी शहराचा व्यापार आणि केंद्राचं पोट यांचं नातं दिसतं. खर्चाच्या बाजूला २५ ऑगस्ट २०१० ची खूण ठेवा. त्या दिवशी कॉपीराइट मंडळाने संगीत कंपन्यांना द्यायचं मानधन तासाच्या दरावरून निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्क्यांवर आणलं. लहान शहरातल्या केंद्रांना त्यामुळे श्वास घेता आला.

‘नंबर वन’ आणि ‘जिल्हाभर ऐकू येतं’

हे दोन दावे तपासल्याशिवाय छापू नका. आठवड्यागणिक श्रोते मोजणारी रॅम ही पद्धत मुंबई, दिल्ली, बंगळुरू, कोलकाता या चारच शहरांत होती. नाशिकसाठी कुणी क्रमांक सांगितला तर कोणतं सर्वेक्षण, कोणती तिमाही, कोणता वयोगट, आणि ‘काल ऐकलं’ की ‘आठवड्यात कधीतरी ऐकलं’, हे विचारा. उत्तर नसेल तर तो दावा केंद्राच्या तोंडी ठेवा, आपल्या वाक्यात घेऊ नका.

पोहोच मात्र स्वतः मोजता येते. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढून ४.१२ ने गुणा. १०० मीटरला साधारण ४१ किलोमीटर येतात. हे सपाट जमिनीचं गणित. नाशिकला चहूकडे डोंगर आहेत. गाडीतल्या रेडिओवर त्र्यंबक, सिन्नर, दिंडोरी, ओझर अशा चार दिशांना जा आणि स्टिरिओ कुठे सुटतो, आवाज कुठे फाटतो, दुसरं केंद्र कुठे डोकावतं, ते नकाशावर टिपा. अंजनेरीच्या आडोशाला जे होतं ते ओझरच्या मोकळ्या रस्त्यावर होत नाही. ही मोजणी आजची आहे, जुनी पोहोच वेगळी असू शकते, हे नकाशावर लिहा.

हक्क आणि ठेव

प्रसारणावरचा केंद्राचा हक्क पुढच्या कॅलेंडर वर्षापासून २५ वर्षं चालतो, ध्वनिमुद्रित गाण्यावरचा ६० वर्षं. संशोधनासाठी जवळ ठेवणं वेगळं आणि यूट्यूबवर चढवणं वेगळं. लोकांसमोर आणायचंच तर गाणी कापून फक्त बोलणं ठेवा, तेही केंद्राच्या लेखी परवानगीने आणि आरजेला सांगून. फोन करणाऱ्या श्रोत्यांची पूर्ण नावं, पत्ते, नंबर जाहीर प्रतीत पुसा, मूळ प्रतीत राहू द्या.

संग्रह ठेवायला देताना नुसता हार्डडिस्कचा डबा देऊ नका. सोबत छापील यादी द्या: फाइलचं नाव, कुणाकडून मिळाली, तारीख कशावरून ठरवली, संमतीचा कोणता पर्याय, चेकसम. संस्थेकडून पोच घ्या आणि डिस्क दर दोन वर्षांनी उघडून चेकसम जुळवण्याची जबाबदारी कुणाची, ते त्याच पोचेवर लिहून घ्या.